पुलापलीकडचं तळं

विशाखाने जगन्नाथ धुरींची सायकल जड-हलकी करायचं बटण तीनवरून दोनवर आणलं आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने त्यांची नाडी मोजायला घेतली. हृदयाच्या पेशंटकडून व्यायाम करून घेणाऱ्या टेक्निशियनने असं करायचं नसतं, हे तिला बारा वर्षांत पाठ झालं होतं. पण आज धुरींची बारावी आणि शेवटची खेप होती. न थांबता वीस मिनिटं पाय मारले तर ते कामाला लायक. नाहीतर कंपनी त्यांचा हिशेब करून त्यांना कायमचं गावी धाडणार. माणूस कुडाळकडचा, छप्पन्न वर्षांचा सुतार, छातीत दोन स्टेंट. एक आकडा इकडचा तिकडे केल्याने कुणाची नोकरी राहत असेल तर राहू दे, असं तिने सातव्या खेपेलाच ठरवून टाकलं होतं.

समोरच्या पडद्यावर फ्रान्स चाललं होतं. हॉलमध्ये सहा सायकली होत्या आणि प्रत्येकीपुढे असाच एक पडदा. पाइनचं जंगल, कालव्याकाठची पायवाट, सूर्यफुलांची शेतं, दगडी घरांची गावं, असा सायकलवरून फिरायचा तो चाळीस मिनिटांचा रस्ता. पाय भरभर चालले की झाडं भरभर मागे जायची. पाय थांबले की फ्रान्स थांबायचं. बाहेर कुवेतच्या उन्हात सकाळी आठालाच डांबर मऊ पडलेलं असे आणि आत एक कुवेती आजोबा पडद्यावरच्या फाटकातल्या कुत्र्याला न चुकता सलाम करत. विशाखा स्वतः त्या सायकलवर कधी बसली नव्हती, पण रस्ता तिला आपल्या जिन्याच्या पायऱ्यांसारखा ठाऊक होता. चौथ्या मिनिटाला कुत्रा, नवव्याला पांढऱ्या गाई, चौदाव्याला दगडी पूल, आणि बाविसाव्याला जंगल संपून तळं. कधीकधी तो रस्ता तिच्या स्वप्नात यायचा. स्वप्नातसुद्धा तिच्या हातात कुणाची तरी नाडी असायची.

"सहाच मिनिटं राहिलीत, काका. दम नाही ना लागत?"

पूल आला. त्यांचे पाय मंदावले, उजवा हात छातीवर गेला आणि सगळं थांबलं. पुलाखालच्या पाण्यातलं एक पिवळं पान आहे तिथेच राहिलं.

"बास, मॅडम. जमणा नाय."

अकरा वेळा हेच झालं होतं. कागद बघून डॉक्टर अफ्रीनने परवाच विचारलं होतं, ईसीजीची इतकी स्वच्छ पट्टी, रक्तदाब झकास, मग हा माणूस थांबतो कशाला? थकवा असेल, असं विशाखा म्हणाली होती. थकवा म्हटलं की तिला पुढे काही समजावून सांगावं लागत नसे. तिच्या पर्समध्ये तिच्या स्वतःच्या कराराच्या नूतनीकरणाचा कागद चार दिवस घडी करून पडला होता. तिचा नवरा संग्राम म्हणाला होता, क्षितिजची बारावी होऊ दे, दोनच वर्षं, मग परत जाऊ. दोन वर्षांपूर्वी तो दहावी म्हणाला होता. क्षितिजला विचारलं तर तो मान वर न करता म्हणाला, "व्हॉटेव्हर, आई." घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं होतं.

धुरी उतरून बाकावर बसले आणि टॉवेलने मान पुसू लागले. विशाखाने इकडेतिकडे पाहिलं. बाकीच्या सायकली अजून रिकाम्या होत्या. ती त्यांच्याजवळ वाकली.

"हे बघा काका, मी वीस लिहिते. कुणी विचारणार नाही. फक्त कामावर जिना सावकाश चढा आणि गोळ्या चुकवू नका."

धुरी बाकावरून जवळजवळ उठलेच.

"नको, नको! खोटां कित्याक लिवचा? झाला तां झाला."

तिला भरून आलं. नोकरी जात असताना खोटं नको म्हणणारी माणसं अजून आहेत, आणि तीही आपल्याच मुलखातली. काहीतरी बरं बोलावं म्हणून ती म्हणाली,

"मला वाटत होतं, एकदा तरी तुम्ही पूल ओलांडावा. पलीकडे तळं आहे. फार सुंदर आहे."

"तळां बरां आसा," धुरी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले. "पण थयसरचो धक्को काय कामाचो नाय. फळयो आडव्यो घालूक होयो होत्यो, त्यांनी उभ्यो मारल्यानी. पावसात पाय सरकान कोण तरी पडतलो."

एवढं बोलून त्यांचा हात नाडीवरच थबकला.

तो लाकडी धक्का सव्विसाव्या मिनिटाला यायचा. यायचा म्हणजे डाव्या हाताला, होडीच्या मागे, तीन-चार सेकंद. इतक्या वर्षांत त्याच्या फळ्या आडव्या की उभ्या हे विशाखाने पाहिलं नव्हतं.

तिने सायकलकडे पाहिलं. सीट पार खाली होती, धुरींच्या आखूड पायांना बसेल अशी. गेला महिनाभर आठवड्यातून तीनदा, ती आठाला कामावर यायची तेव्हा या तीन नंबरच्या सायकलची सीट अशीच खाली गेलेली असायची, आणि फरशी पुसणाऱ्या रहिमाला ती त्यावरून बोलायची. कंपनीची बस धुरींना साडेसहालाच सोडून जाते, हेही तिला माहीत होतं. बिचारे दीड तास बाकावर बसून राहतात, असं तिला वाटायचं.

"किती वेळा पाहिलंत तळं?"

धुरींनी नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"येवच्या दिवशी दर खेपेक."

"न थांबता?"

"चाळीस मिनटां. मगे थोडो बसतंय. तुमी येवच्या आदी घाम सुकाक होयो."

विशाखाला आधी संताप आला. डॉक्टर अफ्रीन तिच्या कागदावर डोळे झाकून सही करायची. आणि या माणसासाठी तिने बारा वर्षांत पहिल्यांदा हात खोटा केला होता.

"आणि मी मेली इथे रोज बटण खाली करतेय!"

"तां माका कळला," धुरी अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "म्हणान तर माजी पंचाईत झाली. तुमी हलक्या केलास की दम लागाचो नाय. मगे हात उगीच छातीर ठेवचो लागा."

तिला हसू आलं आणि ते तिला आवरलं नाही. हसता हसता ती त्यांच्या शेजारी बसली. बसल्यावर पाय किती दुखताहेत ते कळलं.

"घरीच जायचं होतं तर सरळ राजीनामा द्यायचा, काका."

"दिलंय आसतंय, बाय." मॅडमची बाय झाली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "सतरा वर्षां झाली. दर करार संपलो की घरवाली म्हणता, आणखी दोन वर्षां काढा. तिचा चुकता असा नाय. आदी घर होता, मगे चेडवाचा लगीन, आता झिलाचा शिक्षण. भांडान बोलना नाय ती, गोड बोलता. आता मी फोनार सांगूचा काय? कटाळलंय? हात चलतत, पाय चलतत, आणि माणूस कटाळलो म्हणान घराक इलो, ह्यां गावात कोणाक पटाचा?"

विशाखाने पाय लांब करून पोटऱ्या चेपल्या.

"कटाळ्याचो दाखलो कोण देणा नाय, बाय. हृदयाचो देतत. डॉक्टरान धाडल्यान तर तीच कुडाळ स्टेशनार न्हेवक येतली. रडतली, देवाक नारळ ठेवतली. माजी चूक नाय मगे." त्यांनी टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. "माका बरां वाटणा नाय ह्यां करूक. पण दुसरी वाट गावली नाय."

पडद्यावर पान अजून तिथेच होतं. काही वेळाने पडदा आपोआप विझला. विशाखाला वाटलं, या माणसाला खडसावावं. मग वाटलं, त्याचा हेवा करावा. दुसरं वाटणं पहिल्यापेक्षा बरंच मोठं होतं.

ती उठली, फाइल घेतली आणि लिहू लागली. मिनिटं: चौदा. लेव्हल: दोन. पेशंट स्वतः थांबला. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. साडेसहाला हॉलमध्ये काय चालतं ते तिने पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेलं लिहायची पद्धत नव्हती. तरी डॉक्टर अफ्रीनपुढे कागद ठेवताना तिने नजर खाली ठेवली. अफ्रीनने वाचलं, हळहळली आणि सही केली.

साडेनवाला कंपनीचा मंदूब मुकेश आला. कंपनीच्या कामगारांचे सगळे सरकारी कागद हाच करायचा आणि सदैव घाईत असायचा.

"क्या मॅडम, फिट?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"अरेरे. अच्छा कारीगर था. मतलब, खलास?"

"खलास," विशाखा म्हणाली.

धुरी खाली मान घालून उभे होते. चेहरा अगदी पडलेला. मुकेशने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि त्यात सोंग किती आणि खरं किती हे विशाखाला ठरवता येईना. दारापर्यंत जाऊन ते परत फिरले.

"बाय, तुमी कदी बसलास काय त्या सायकलीर?"

"नाही हो. वेळ कुठे मिळतो?"

"बसा एकदा. अगदी शेवटाक, रस्तो सरता थय एक घर आसा. दरवाजो बघा त्याचो. मन लावन केल्लो आसा कोणी तरी."

ते गेले. काचेतून तिला पांढरी बस आणि तिच्यात चढणारी त्यांची आखूड पावलं दिसली. पायऱ्या चढताना दांड्याला धरायचीही त्यांना गरज पडली नाही. मुकेश पुढे बसला होता, त्याने मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या पेशंटला अजून दहा मिनिटं होती. विशाखा तीन नंबरच्या सायकलपाशी गेली, सीटवर हात ठेवला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. तिची पट्टी कोण काढणार होतं, आणि ती पुलावर थांबली तर ते लिहून घ्यायला समोर कोण असणार होतं? संग्रामने तिला थकलीस का असं कधी विचारलं नव्हतं. तिनेही त्याला विचारलं नव्हतं.

तिने पर्समधून घडी काढली. सीटवरच कागद ठेवून उलगडला. 'किती वर्षांसाठी' या चौकटीत, धुरींची फाइल लिहिलेल्या त्याच पेनाने, दोन लिहिलं, खाली सही केली आणि कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला.

मग तिने सीट वर केली. पुढचा पेशंट उंच होता.