शकुबाईंचं नाव

शकुबाई गेल्यावर महिन्याने निवृत्ती त्यांचं शेवटचं पुस्तक परत करायला आणि नाव कमी करायला रविवार कारंज्याजवळच्या लायब्ररीत गेला. मत सांगितल्याशिवाय त्यांनी कधी पुस्तक परत केलं नव्हतं, म्हणून त्याने ती कादंबरी मुद्दाम वाचून काढली होती.

“कशी वाटली, निवृत्तीभाऊ?” लायब्ररीवाल्या गोटीरामने विचारलं.

“बोगस! बायको मेली आणि चार पानांत गड्याचं दुसरं लग्न. का, तर चहा करता येत नाही. अरे, मलाही येत नव्हता. शिकलो ना!”

“वहिनी अगदी अशाच तापायच्या.”

महिन्याभरात निवृत्ती कुणाशी एवढं बोलला नव्हता.

“मग, नाव काढू त्यांचं?”

“राहू दे. दुसरी दे. पण ह्या लेखकाची नको.”