मिहिकाला धुक्यात सोडलं तेव्हा

दिवस कलला की मिरजेच्या त्या गल्लीत ऊनसुद्धा सुरात पडतं, असं आयेशाचं ठाम मत होतं. तिचे नाना मोहिद्दीन तंबोरे बनवायचे. कारखान्याच्या छताला वाळलेले भोपळे टांगलेले असत. खिडकीतून ऊन आत शिरलं की लाकडाचा भुसा हवेत सोन्यासारखा तरंगे आणि भोपळ्यांचे होत चंद्र. सतरा चंद्र! म्हणून तर तिच्या कादंबरीतल्या राज्यावर रोज सतरा चंद्र उगवत आणि राजपुत्र धवलकेतू अर्ध्या भोपळ्याच्या नावेतून धुक्याचं तळं ओलांडत असे.

कादंबरी म्हणजे दोनशे पानी वही. लिहायची आयेशाने, चित्रं काढायची तिच्या मैत्रिणीने, अपूर्वाने. आठवीपासून अकरा प्रकरणं झाली होती. पण अपूर्वाच्या बाबांची बँकेतून साताऱ्याला बदली झाली. रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो येणार होता, आणि आज शुक्रवार. बारावं प्रकरण झालं की वही पुरी. नाहीतर ती अर्धीच राहणार, आणि साताऱ्याच्या नव्या शाळेत अपूर्वाला भोपळ्याची नाव कशाला आठवेल? 

आणि नेमकं आजच, कारखान्यात वही उघडल्या उघडल्या, अपूर्वा हटून बसली होती.

"ह्या माणसाचं चित्र मी काढणार नाही."

"का? मुकुट अवघड आहे?"

"मुकुट नाही, माणूसच भिकार आहे! सख्ख्या बहिणीला तळ्याच्या मधोमध उतरवतो. कशासाठी? एका खड्यासाठी!"

"गाता खडा आहे तो," आयेशा उसळली. "त्याच्याशिवाय राज्य मुकंच राहिलं असतं. आणि नाव बुडत होती गं, वजन कमी करायला नको?"

"मग खडा टाकायचा! नाहीतर तो स्वतः उतरायचा. चांगला पोहतो की. चौथ्या प्रकरणात मगरीशी झुंजला तेव्हा पोहायला येत होतं, आता विसरला?"

आयेशाने ओठ चावला. मगर ती साफ विसरली होती.

"नायकाला कठोर निर्णय घ्यावे लागतात," ती म्हणाली, पण आवाज जरा बारीकच निघाला.

"घेऊ दे की. चुकला तरी चालेल मला. पण तू काय केलंस? पुढच्याच ओळीत जयजयकार, फुलं, हत्ती! मिहिका बिचारी धुक्यात, आणि लेखिकाबाई हत्ती सजवतायत. तुझा लाडका आहे ना तो, म्हणून त्याला सगळं माफ."

आयेशाने वही ओढून घेतली आणि तोंड फिरवून हत्तींची ओळ पुन्हा वाचू लागली. अपूर्वाला राग आला की ती आवराआवर करायची. कंपासपेटी आवरली, पेन्सिलीची टरफलं गोळा केली. समोर नुकताच तयार झालेला तंबोरा टेकवून ठेवला होता. त्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारांखाली पांढऱ्या सुताचे चार तुकडे राहून गेलेले दिसले. तिने तेही एकेक करून काढले आणि टरफलांबरोबर केरात टाकले.

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज पढून नाना परतले. आत येता येता सवयीने तारांवरून बोट फिरवलं आणि थबकले. तंबोरा घोगरा बोलला, सर्दी झाल्यासारखा.

"सूत कुनी काढलं गं?"

अपूर्वा पांढरीफटक पडली. "मी, नाना. मला वाटलं कचरा आहे."

"आँ? दोन वर्सं हितं बसतीस अन् घोडीकडं बघितलं न्हाईस कवा?" नाना खदखदून हसले. "सगळं ध्यान छताकडं! आन ते दोऱ्याचं रीळ हिकडं."

त्यांनी नवा दोरा तोडून तारेखाली घातला आणि नखाने हळूहळू सरकवला. आधी सूर मुका झाला. मग थोडा किरकिरला. "तार घोडीला चिकटून बसली तर बोलत न्हाई," ते पुटपुटले. "केसाएवढी फट लागती." आणि एका जागी तो एकदम उमलला. भुंग्यासारखा, दूरच्या पाण्यासारखा. भोपळे हलके हलके थरथरताहेत असं वाटलं.

"पर आयेशा," नाना दुसऱ्या तारेकडे वळत म्हणाले, "ती पोरगी हाय कुठं आता?"

"कोण?"

"तुजी मिहिका. रोज वाचून दावतीस की. परवा तळ्यात सोडलीस तिला. फुडं?"

 पुढे काय ते लेखिकेलाच ठाऊक नव्हतं. सूर वाढत गेला, उन्हातला भुसा दाटून धुकं झाला, आणि त्या धुक्यात तिला मिहिका दिसली. कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, हाक मारत नव्हती, लांब जाणाऱ्या नावेकडे नुसती पाहत होती. तिच्या दोन्ही वेण्या अगदी अपूर्वासारख्या होत्या.

"अपू," आयेशा म्हणाली, "तू बदलीचं सांगितलंस ना, त्याच दिवशी लिहिलं ते. मला वाटलं, तू सोडून जायच्या आधी आपणच सोडून टाकावं. हत्तीबित्ती त्याच रागात आले."

 अपूर्वा कोपऱ्याकडे बघत होती. तिथे भोपळ्यांच्या कापून टाकलेल्या टोप्या पडल्या होत्या, वाटीसारख्या उताण्या.

"आयेशा, नानांनी भोपळा कापला की किती तुकडे होतात?"

"दोन. म्हणजे काय?"

"एकात तुझा धवलकेतू. मग दुसरा कुठंय?"

आयेशा बघतच राहिली. तंबोरेवाल्याची नात ती, जन्मापासून भोपळे कापताना बघत आलेली, आणि अकरा प्रकरणांत तिला दुसरं अर्धं सुचलं नव्हतं!

"तळ्यावरच तरंगत असणार," ती कुजबुजली.

"असणारच. आणि ती त्यात चढते. पण त्याच्या मागे मागे नाही हं जाणार. तिला जायचंय तिकडे जाणार."

"ते मला नाही लिहिता येणार. तिचं तूच लिही."

आयेशाने नानांची पक्कड उचलली, वहीच्या कडेच्या पिना उघडल्या आणि उरलेली कोरी पानं अलगद सोडवून अपूर्वापुढे ठेवली. "ही साताऱ्याला घेऊन जा. हत्ती मी खोडते. माझा धवलकेतू काठावर बसून राहील, तुझं पाकीट येईपर्यंत."

"खडा गप्प करून टाक त्याचा," अपूर्वा म्हणाली. "मिहिका नाही तर गाणं नाही."

तिने पेन्सिल काढली. नाना चौथ्या तारेखाली दोरा सरकवत होते. कोऱ्या पानावर हळूहळू एक छोटी उताणी टोपी उमटली, तिच्यात दोन वेण्यांची पाठमोरी मुलगी, आणि वर चंद्र. आयेशाने मोजले. सतरा नाही, अठरा होते.