साखळीचा झोळ

कांप दे मास्क गावातल्या आमच्या अंगणाचं तोंड उसाची लॉरी शिरेल एवढं रुंद. तिथे दोन खांबांमध्ये जाड लोखंडी साखळी, आमच्या बोलीतली लासेन, टांगलेली असे, गळ्यातल्या माळेसारखी गोल झोळ पडलेली. माझी धाकटी जाऊ सत्यवती, तिची पोर सुनयना दिवसभर त्या साखळीवर बसून झुलायची. पोर मधोमध बसली की गोलावा मोडून खाली टोक यायचं. सात वर्षांची पोर तापाने गेली, आणि सत्यवती सांगू लागली की दुपारी साखळीला अजून टोक येतं.

मी तिला वेडी म्हणायचे. उन्हाने लोखंड वाढतं, एवढी साधी गोष्ट! माझं तोंड फटकळ, कुणाच्या दुःखाचीही भीड ठेवत नाही.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात क्लॉडेट वादळ येतंय असं रेडिओ सांगू लागला. दर वादळाआधी आम्ही ती साखळी काढून घराच्या पत्र्यांवरून टाकतो आणि दोन्ही बाजूंना रोवलेल्या दगडांना बांधतो. सत्यवतीचा नवरा देवराज साखळी सोडायला गेला, तर ही खांबाला मिठी मारून उभी.

"लासेन न्यायची नाय! ती बसलीय. कुठं जाईल ती?"

"अगं, पत्रे उडाले तर आपुन सगळी मरू!" देवराज रडकुंडीला आला. "वैनी, तुमी तरी सांगा तिला."

मी तावातावाने गेले आणि जागीच थिजले. ऊन नव्हतं. वारा सुटला होता, तरी साखळी हलत नव्हती आणि मधोमध टोक आलं होतं. "तूच सांग तिला," मी कशीबशी सत्यवतीला म्हणाले. "तुझंच ऐकेल."

सत्यवती वाकली. "उतर बाळे. सिक्लोन येतोय."

साखळी हळूच वर आली, गोल झाली आणि वाऱ्यावर हेलकावू लागली.

मग एकच धांदल उडाली. साखळी पत्र्यांवर चढली, आम्ही आत पळालो, देवराजने दाराला आडव्या फळ्या ठोकल्या.

पत्रे टिकले. वादळ सरल्यावर साखळी परत खांबांना लावली. त्या दुपारी ती गोलच लोंबली, दुसऱ्या दुपारीही गोल. पोर सुटली, बरं झालं, असं मला वाटलं. तसं सत्यवतीला म्हणालेसुद्धा.

तिने साखळीवरची नजर काढली नाही.

"बाई, मी तिला उतर म्हनलं," ती म्हणाली. "आत ये म्हनायचं राहिलं."