वेटोळ्यातली गाळणनळी

मित्रांनो, मी एक थकलेली गाळणनळी आहे. आहुप्याकडील डोंगरात मुलींचे एक वसतिगृह आहे, त्याच्या पडवीत पडून मी ही हकीकत कथन करीत आहे.

सन २००३ मध्ये पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. माझ्या अंगाला डोळ्यांस न दिसणारी छिद्रे आहेत. पंपाने सोडलेले गढूळ पाणी माझ्या पोटातून धावे, त्यातील निर्मळ तेवढे छिद्रांवाटे पाझरून टाकीत पडे आणि उरलेला गाळ पुढे निघून जाई. प्रयोगशाळेतील साहेबांनी मला या वसतिगृहात आणून एका खांबाभोवती वेटोळे घालून बसवले होते. वळणावर पाणी गिरक्या घेई आणि माझ्या आतल्या भिंती झाडून काढी. म्हणून माझ्यावर गाळ बसत नसे.

सखूबाई वसतिगृहात स्वयंपाक करीत. पूर्वी पावसाळ्यातील तांबड्या पाण्याने मुलींना जुलाब होत, ते माझ्यामुळे थांबले. "लई गुणाची बया हाय," असे म्हणून त्या माझ्यावरून हात फिरवीत. मी चार पावसाळे अखंड सेवा केली.

पाचव्या वर्षी टाकी दुरुस्त करण्यास गोरख आला. तो शेतांत ठिबकच्या नळ्या अंथरणारा. तेथे नळी मुडपली की रोप वाळते, हे त्याचे पक्के ज्ञान.

"मावशे, ही कुनी गुंडाळली? वळनात पानी अडतं. सरळ करतो, मग बघ कसं पळतंय!"

"आरं, सायबांनीच तशी लावलीया."

"सायबांनी कधी टोमॅटोला पानी दिलंय व्हय?"

सखूबाई हसल्या. मला भिंतीलगत सरळ आडवे करण्यात आले.

पाणी आता गिरक्या न घेता मुकाट जाऊ लागले. आठ दिवसांत माझ्या आत चिखलाचा थर साचला व पाझर आटला. गोरखने आतून तार फिरवली. माझे बारीक छिद्रांचे अस्तर फाटले आणि पाणी भरभर पडू लागले.

"बघ, सुटलं का न्हाई!" तो म्हणाला.

ते पाणी तांबूस होते. त्याच आठवड्यात बारा मुली आजारी पडल्या. त्यांत सखूबाईंची नात अश्विनीही होती. तिला जीपमधून घोडेगावच्या दवाखान्यात नेले. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले.

"मावशे, आदी इचारायला पायजे व्हतं," गोरख मान खाली घालून म्हणाला.

"मीबी तवा हसलेच की रं."

आता सखूबाई रोज पहाटे चुलीवर पाणी उकळतात. सरपण वाहून त्यांची कंबर धरली आहे. ते पाहून मला फार शीण येतो.

मित्रांनो, एखादी वस्तू वाकडी दिसली तर ती तशी का घडवली, एवढे आधी विचारा. माझी दुरुस्ती आता होणे नाही. माझ्या जागी नवी आणाल, तेव्हा कृपा करून तिला वेटोळ्यातच राहू द्या.