सरदारांच्या डोळ्यांत लेन्स

लालबागचे रमाकांत परब त्रेपन्नाव्या वर्षी लेन्स लावायला शिकले ते काही हौसेने नव्हे. गेल्या वर्षी ऑफिसच्या नाट्यस्पर्धेत, तीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे चष्मा काढून, सरदार म्हणून ते रंगमंचावर आले, आणि राणीसाहेबांना करायचा मुजरा त्यांनी कोपऱ्यातल्या समईला केला. नाटक गंभीर होतं, लोक पोट धरून हसले. यंदा दिग्दर्शक हितेंद्रने सरळ सांगून टाकलं की सरदाराला चष्मा चालणार नाही, आणि आंधळा सरदारही चालणार नाही. पंधरा दिवसांत लेन्स लावा, नाहीतर भूमिका गंगाधरची. या गंगाधरला सलग चार वाक्यं पाठ होत नसत, पण डोळे मेल्याचे घारीसारखे होते. आता भूमिकाच गेली तर परबांकडे उरणार काय, ऑफिस आणि डायबिटीस.

गेले बापडे दादरला, चष्म्याच्या दुकानात. तिथल्या आकांक्षाने आधी त्यांना साबणाने हात धुऊन, धागे न सुटणाऱ्या कागदाने कोरडे करायला लावले. मग लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून दाखवली. कडा वाटीसारख्या उभ्या हव्यात, बशीसारख्या पसरल्या तर समजायचं लेन्स उलटी आहे. खालची पापणी ओढा, वरची धरून ठेवा. बोट जवळ आलं मात्र, डोळा गपकन मिटला. दुसऱ्यांदा मिटला. सतराव्यांदा लेन्स मिशीला चिकटली. स्टेजवर एकट्याने चाळीस गनीम कापणारा हा माणूस स्वतःच्या बोटाला भीत होता, आता बोला.

"काका, बोटाकडे बघू नका," आकांक्षा म्हणाली. "वर बघा."

घरी सराव सुरू झाला तेव्हा आरसा धरायला त्यांची बायको, नलूताई. "लोक डोळ्यातलो कचरो काढतत, आणि तुमी इकत घेवन घालतास?" त्या म्हणाल्या. पण दुकानातलं माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचलं होतं त्यांनीच. एकदा लेन्स बेसिनमध्ये पडली आणि परब ती नळाखाली विसळायला निघाले, तर नलूताईंनी मनगट धरलं. लेन्सला पाणी लावायचं नाही, फक्त सोल्युशन. दहाव्या दिवशी एकदाची लेन्स डोळ्यात बसली.

स्पर्धेच्या दिवशी परळच्या हॉलमध्ये परबांनी आधी लेन्स लावल्या, मग तोंडाला रंग. भालदार झालेला गंगाधर तोंड वाकडं करून बघत होता. मुजरा बरोब्बर राणीसाहेबांनाच गेला. परब सुखावले, आणि त्या भरात आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्रेक्षकांकडे नीट बघितलं. तीस वर्षं तिथे त्यांना नुसता काळा धूर दिसायचा, आणि त्या धुरात ते आपल्या मनाने भारावलेली माणसं बसवायचे. आता दिसलं ते असं, की निम्म्या खुर्च्या रिकाम्या, एक परीक्षक मोबाइलमध्ये, दुसरे झोपलेले आणि तिसरे वडा खातायत.

तेवढ्यात त्यांचं टाळीचं वाक्य आलं. परबांच्या अशा वाक्याला टाळी पडली नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. आजही पडली. तिसऱ्या रांगेत नलूताई वाक्य संपायच्या आत टाळ्या पिटत होत्या आणि शेजारच्या बाईला कोपराने ढोसत होत्या. मग त्या बाईने वाजवल्या, मग मागच्या दोघांनी. तीस वर्षांचा कडकडाट म्हणतात तो हा एवढाच.

मध्यंतरात परब रंगपटात खुर्चीवर बसून राहिले. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भरून येत होतं. डोळे लाल दिसतायत, लेन्स खुपत असतील तर काढून टाका, असं हितेंद्र म्हणाला.

"खुपत नाहीत," परब म्हणाले. "राहू दे. दिसू दे."

शेवटच्या प्रवेशात राणीसाहेबांकडे बघून म्हणायचं वाक्य होतं. परबांनी ते तिसऱ्या रांगेकडे बघून म्हटलं.

"या दौलतीत एक माणूस माझ्यासाठी जागा राहिला, तर मी शंभर लढाया हरायला तयार आहे."

नवरा स्टेजवरून आपल्याकडे बघतो, हे नलूताईंना नवीन होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला, मान खाली घातली, आणि हात मांडीवरच राहिले. त्या वाक्याला टाळी पडली नाही.