तट कुणी पाडला?

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी डोळ्यांचे डॉक्टर दादांना म्हणाले, की वर्षभर जेमतेम दिसेल, पुढचं काही सांगता येत नाही. त्यांचा धाकटा भाऊ तेव्हा सोबत होता.

हा भाऊ विद्यापीठात इतिहास शिकवायचा. कुणी काहीही म्हटलं की ‘पुरावा काय?’ विचारायचा, म्हणून पोरं त्याला पुरावे सर म्हणत. दादा शिंपी. मशीन चालवून त्यांनी भावाला शिकवलं होतं आणि एकच मागणं मागितलं होतं, “तुझं पुस्तक मी माझ्या डोळ्यांनी वाचणार. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं चालणार नाही.”

पुस्तक शहराच्या जुन्या तटाबद्दल होतं. तट कसा बांधला, दरवाजे कोण लावायचं, सगळं लिहून झालं होतं. घोडं एकाच जागी अडलं होतं. तट पाडायचा हुकूम कुणी दिला? तो कागद काही सापडेना. सर सुट्टी लागली की कुठल्यातरी दफ्तरखान्यात जाऊन धूळ खात. तिथे भलतंच काहीतरी हाती लागे आणि पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं जाई.

“अहो, तट बांधायलासुद्धा एवढी वर्षं लागली नसतील,” बायको म्हणाली.

“अकरा लागली. पुरावा आहे.”

“मग पुस्तकही त्या गवंड्यांनाच द्यायचं होतंत लिहायला!”

डॉक्टरांकडून आल्यावर आठवड्याने सर दादांच्या दुकानात गेले. दादा सुईशी झटत होते.

“बाळ्या, दोरा ओव रे. नाकं हल्ली फार बारीक करतात मेले.”

सरांनी दोरा ओवला. इकडचंतिकडचं बोलणं झालं. पुस्तकाचं मात्र दादांनी विचारलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. ते सरांना फार लागलं.

घरी येऊन त्यांनी शेवटचं प्रकरण पुढ्यात ओढलं आणि लिहिलं, ‘तट पाडण्याचा हुकूम कुणी दिला, हे मला सापडलेलं नाही. कुठे कुठे शोधलं, ते खाली देत आहे.’ असली वाक्यं त्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जन्मभर लाल शाईने खोडली होती. पेन खाली ठेवलं तेव्हा त्यांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी आणखी एक चहा मागितला.

पुस्तक छापून आलं. दादा दुकानाच्या दारात उन्हाला बसून भिंग लावून रोज थोडं थोडं वाचत. गिऱ्हाईक ताटकळलं तर म्हणत, “थांबा हो, उत्तरेचा दरवाजा पडतोय.” वाचून संपलं त्या दिवशी त्यांचा फोन आला.

“लबाडा! कुणी पाडला ते शेवटी सांगशील म्हणून दम धरला, आणि तू सरळ हात वर केलेस!”

“नाही सापडलं, दादा.”

“नसू दे. बाकीचं झकास आहे. मी तर पहिल्यापासून परत धरलंय.”

दुसऱ्या वाचनात अर्ध्यावर आले आणि अक्षरं दिसेनाशी झाली. उरलेलं मग त्यांनी भावाकडून वाचून घेतलं. ते त्यांना चाललं.

त्यानंतर तीन वर्षांनी, जानेवारी महिन्यात, दादा वारले.