अडीच इंचाचा रिसीव्हर

२०१६च्या मे महिन्यात परदेशात कनाटाला स्थायिक झालेल्या जनार्दन केळकरांनी नवा पिकअप ट्रक घेतला. टेलिकॉममधून रिटायर होऊन वर्ष झालं होतं, ड्राइव्हवेत राहण्या-झोपण्याची सोय असलेला, ट्रकमागे ओढून न्यायचा बावीस फुटी ट्रेलर उभा होता आणि त्यांच्या बायकोला, सुहासिनीला, त्या उन्हाळ्यात लेक सुपीरियर हा समुद्राएवढा तलाव बघायचा होता.

"इतकी वर्षं या देशात राहून मी तो नकाशातच बघितलाय," ती म्हणायची.

घोडं अडलं ते ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या हिचपाशी. ट्रेलरचा पुढचा भार ट्रकच्या सगळ्या चाकांवर वाटून देणारा त्यांचा जुना हिच दोन इंची दांड्याचा. तो ज्यात सरकवायचा तो नव्या ट्रकच्या मागचा चौकोनी रिसीव्हर अडीच इंची. मधे फट भरून काढणारी चौकोनी स्लीव्ह घाला, पुष्कळ लोक तसंच करतात, असं दुकानदार म्हणाला. पण घालून बघितली तर दांडा किंचित हलत होता, आणि ते हलणं जनार्दनना सहन होईना. त्यांनी अडीच इंची दांडा मागवला. तीन आठवड्यांनी आला. नवा ट्रक उंच, त्यामुळे ट्रेलर ज्यावर टेकतो तो बॉल चार इंच वर राहिला. मग जास्त खाली उतरणारा दांडा मागवला. त्यावर बॉल धरणाऱ्या जुन्या हेडची भोकं जुळेनात, म्हणून नवं हेडही मागवलं.

"अहो, स्लीव्ह घालून हळूहळू जाऊ की," जुलैत सुहासिनी म्हणाली.

"हजार किलोमीटर जायचंय. नीट जुळू दे, मग निघू."

ऑगस्टमध्ये तिने विचारणं सोडलं. सप्टेंबरात पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि नोव्हेंबर संपायच्या आत ती गेली. नवं हेड ऑक्टोबरातच येऊन पडलं होतं. जनार्दननी तो खोका उघडलाच नाही.

पुढच्या जूनमध्ये त्यांची मुलगी केया वॉटर्लूहून आली. "बाबा, एकतर ट्रेलर विकून टाक, नाहीतर लेट्स गो. आय हॅव अ वीक."

बेसमेंटमधून खोका वर आला. हेड दांड्यावर बरोबर बसलं. केयाने टेप धरून पुढच्या चाकावरची उंची मोजली. ट्रेलर जोडल्यावर ट्रकचं नाक दोन इंच उचललं गेलं. भार वाटून देणारे हिचचे बार चढवले तसं दीड इंच परत खाली आलं. पाऊण तासात सगळं झालं.

जनार्दन ट्रेलरच्या पायरीवर बसले.

"आई काही बोलली होती तुला? मागच्या उन्हाळ्यात?"

केयाने टेप गुंडाळून ठेवली. "हो. फोनवर. शी वॉज अँग्री, बाबा."

"मला नाही म्हणाली."

"तुला सांगून काय उपयोग, म्हणाली."

त्यांनी मान हलवली. "खरं सांगितलंस, बरं केलंस."

निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी ते तलावावर पोचले. वाटेत ट्रेलर जराही डुलला नव्हता. जनार्दन पँट दुमडून पाण्यात उतरले. पाणी इतकं गार होतं की घोट्यांना कळ लागली. तरी ते तसेच उभे राहिले. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

केया चहा घेऊन आली तेव्हा ते रडत होते. तिने कप खडकावर ठेवला आणि चपला काढून त्यांच्या शेजारी पाण्यात जाऊन उभी राहिली.